डॉक्टरांची धाकली

त्या रविवारी आमच्याकडं पाहुणे येणार आहेत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर अण्णांचा जुना शर्ट चढवून, डोक्याला फडकं बांधून मी गाडीखाली उताणी पडले असते होय?

फाटकाशी एक जीप थांबली. मी गाडीखालून पाहिलं, तर आधी दिसलं एक जरीचं लुगडं, मग एक पांढरं धोतर, आणि मग... चकचकीत पॉलिश केलेले काळे बूट. दिवाळी होऊन आठवडाच झाला होता, ऊन कोवळं होतं, आणि त्या बुटांवर आमच्या कळमनुरीची धूळ आत्ताच बसायला लागली होती.

"सोनाजी डॉक्टराचं घर हेच का वो?" लुगडं म्हणालं. "आमी साखऱ्याहून आलोत. धाकलीला बघायला."

हुश्श! स्टँडवरच्या पंक्चरवाल्या भीमसिंगकाकांच्या मी महिनाभर मागं लागले होते, की धाकलीला बघायला कुणी जाणता मिस्त्री धाडा. एकदाचा धाडला म्हणायचा! मी खालूनच ओरडले, "बरं झालं आलात! बघा की निवांत. तीन वर्षं झाली, जागची हलली न्हाई."

पांढरं धोतर दोन पावलं पुढं सरकलं.

"हलली न्हाई?" धोतर म्हणालं. "मंजी... पायानं अधू हाय का?"

"पाय? छे! चारी नवीन टाकलेत."

"चारी?"

"फकस्त पोटातून तेल गळतंय. आन् आवाज बसलाय. उठवायला गेलं की नुसती खोकत बसती."

"अगं माय माय माय!" लुगडं म्हणालं आणि मटकन ओट्यावर बसलं.

मग कुणीतरी हसलं... दाबून, नाकातल्या नाकात. ते काळे बूट वाकले, गुडघे टेकले, आणि एक चेहरा उलटा होऊन माझ्यासमोर आला. सावळा, नीट दाढी केलेला. डोळ्यांत तर नुसती मिश्किली.

"तुमी थोरल्या ना?" तो हळूच म्हणाला.

"व्हय. तुमी मिस्त्री?"

"मिस्त्रीच हाय. पण आज जरा... नवरदेव म्हणून येऊन राहिलो."

मी उठायला गेले आणि गाडीच्या बुडाला माझं डोकं असं काही आपटलं, की आतून आई पळत आली.

तर गोष्ट अशी. मी, सरिता, अण्णांची एकुलती एक लेक. अण्णा ढोरांचे डॉक्टर. माझ्या जन्माच्या पुढच्याच साली त्यांनी एक जुनी फियाट आणली, बिस्किटाच्या रंगाची. तेव्हापासून घरात दोन पोरी झाल्या. थोरली मी, धाकली ती. धाकलीच्या मागच्या सीटवर अण्णा आजारी वासरं घेऊन येत, समोरच्या सीटवर मी. गावागावात लोक म्हणत, 'डॉक्टरांची धाकली आली!' अण्णा सेनगावला नोकरीला होते, तेव्हा साखऱ्याचे जळबा मिस्त्री तिची सगळी दुखणीखुपणी बघायचे. तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले. गेल्या साली जळबामामाही गेले. जाताना बायकोला, म्हणजे ह्या जनकाबाईंना, एवढंच म्हणाले, 'सोनाजी डॉक्टरानं धाकली आपल्या सोमेश्वरला दिली हाय. शब्द हाय त्यांचा. घेऊन ये.'

आता पोरगी 'दिली' म्हटल्यावर कुठली माय गाडी समजंल? बिचाऱ्या जनकाबाईंनी वर्ष सरायची वाट पाहिली. मग नारळ, खण आणि चुलत सासऱ्यांना घेऊन त्या आल्या, लेकासाठी पोरगी बघायला.

सगळा उलगडा झाल्यावर माझी आई, द्वारकाबाई, पदर तोंडाशी धरून इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. जनकाबाईही हसल्या. तो सोमेश्वर तर पोह्यांच्या बशीत तोंड घालून खांदे हलवत होता. हसले नाही ती फक्त मी. माझ्या काळजात एक गोष्ट रुतली होती. अण्णांनी धाकली देऊन टाकली? मला न विचारता? तीन वर्षं दर रविवारी मी तिला पुसते, तिच्या काचा धुते, अण्णांचा वास अजून येतो म्हणून तिच्यात नुसती बसून राहते... आणि ती कुणा भलत्याची?

"मालकांचा शब्द हाय," आई हसू आवरून म्हणाली. "गाडी तुमची."

"गाडीचं जाऊ द्या वो," जनकाबाई माझ्याकडं बघत म्हणाल्या. "आता आलोच हावोत तर ही थोरली..."

"थोरलीचं कुणी काढू नका!" मी फणकारले. "तिला कुणी कुणाला दिलेली न्हाई. गाडी चालू झाली की खुशाल घेऊन जा."

जनकाबाईंनी खण पिशवीत परत ठेवला. "लई फटकळ हाय बाई," त्या जाताजाता पुटपुटल्या, आणि मला ऐकू जाईल अशाच पुटपुटल्या.

सोमेश्वर मागं राहिला. बोनेट उघडून वाकून बघत म्हणाला, "चालू झाली की मंग नेईन. पण तिला वेळ लागंल. मी रविवारी येत जाऊ?"

"या. तुमचीच हाय ना."

"अजून न्हाई," तो म्हणाला आणि बोनेट इतकं अलगद लावलं, की आवाजच आला नाही.

तो दर रविवारी यायला लागला. साखऱ्याहून मोटरसायकलवर, दोन तासांचा रस्ता तुडवत. गावात त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. पण धाकलीपाशी आला की त्याचे हात वेगळेच व्हायचे. नट गंजला असला तर हातोडा मारायचा नाही. तेल सोडायचा, चहा प्यायचा, पुन्हा तेल सोडायचा आणि म्हणायचा, "जबरदस्ती केली की तुटतंय. वाट बघितली की आपोआप सुटतंय."

"नटाचं बोलता का कुणाचं?"

"नटाचंच. तुमाला काहून लागलं?"

असा माणूस! मी पोस्टात काउंटरवर बसते. दिवसभर शंभर माणसांशी भांडते, एकालाही हार जात नाही. ह्याच्यापुढं मात्र माझी जीभ अडखळायची. शनिवारी संध्याकाळपासून माझं लक्ष फाटकाकडं लागायचं. आई म्हणायची, "सरे, डाळीत मीठ दोनदा घातलंस." मी म्हणायची, "गाडीची काळजी लागली गं." आई म्हणायची, "व्हय व्हय, गाडीचीच."

एकदा त्यानं ठिणगी पडते तिथली फट मोजायला जाड कागद मागितला. मी एक लग्नपत्रिका दिली. त्यानं ती फटीत सरकवली, डोळा बारीक केला.

"पातळ हाय. ह्याच्यावर गाडी धक्के मारंल. चांगली जाडजूड पत्रिका न्हाई का एखादी?"

"जाडजूड पत्रिका छापणारे लोक आमच्याकडं येत न्हाईत."

"मंग तुमीच छापा की."

"काय?"

"पत्रिका वो... जाड कागदावर. गाडीला कामाला येईल." कान मात्र त्याचे लाल झाले होते. माझेही झाले असणार, कारण मी चहाच्या निमित्तानं जी आत पळाले ती दुधाचं पातेलं उतू गेल्यावरच भानावर आले.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी धाकली बोलली. आधी खोकली, मग घुरघुरली, आणि मग तो आवाज... भल्या सकाळी अण्णा साखऱ्याला निघायचे तेव्हाचा. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थबकली. मी सोमेश्वरकडं पाहिलं. त्याच्याही चेहऱ्यावर आनंद नव्हता. चालू झाली म्हणजे न्यायची वेळ झाली, हे दोघांनाही एकदमच कळलं होतं.

"ब्रेक राहिलेत अजून," तो घाईनं म्हणाला. "एका रविवारचं काम हाय."

त्याच आठवड्यात जनकाबाईंचा आईला फोन आला. औंढ्याचं एक स्थळ आलं होतं. पोरगी शिकलेली, गुणाची. येत्या रविवारी ब्रेक झाले की सोमेश्वर फियाट घेऊनच औंढ्याला येईल, पोरगी बघून घेऊ, आणि जमलं तर लग्नात नवरदेवही त्याच गाडीतून मिरवू. आई 'बरं, बरं' म्हणत होती आणि माझ्याकडं बघत होती.

शनिवारी दुपारी आई देवळात गेली. मी पत्र्याच्या शेडमध्ये गेले, बोनेट उघडलं. इंजिनाच्या चार प्लगांना करंट वाटून देणारी एक टोपी असते. तिच्याखाली अंगठ्याएवढा एक काळा तुकडा फिरतो, त्याला रोटर म्हणतात. तो नसला की गाडी नुसती घुमत राहते, चालू काही होत नाही. हे सगळं मला सोमेश्वरनंच शिकवलं होतं. मी तो रोटर काढला, टोपी जशीच्या तशी लावली आणि चोरासारखी घरात आले. लपवायचा कुठं? ताजी दळून आणलेली वर्षाची हळद डब्यात भरून ठेवली होती. दिला त्यात खुपसून. मला लाज वाटली, नाही असं नाही. पण एक रविवार, फक्त एकच रविवार जास्तीचा हवा होता.

सोमेश्वर आला. ब्रेक केले. किल्ली फिरवली. घर्र... घर्र... घर्र. काही नाही.

तो उतरला, बोनेट उघडलं, टोपी काढली. आत बघितलं. तिथं रोटर नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यानं टोपी परत लावली, हात पुसले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "कारबोरेटर दिसतंय. उघडावं लागंल सगळं. तीन रविवार तरी जातील."

लबाड! धडधडीत खोटं बोलला! आणि ते खोटं आहे हे मी बोलू शकत नव्हते, कारण मग रोटर मीच काढला हे सांगावं लागलं असतं.

"तीन?" मी विचारलं.

"चारबी लागतील."

"आन् औंढा?"

"आईला सांगतो, गाडी न्हाई तर जाणंबी न्हाई."

मला हसू आलं, आणि लगेच धास्तीही वाटली. असं किती दिवस चालणार? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली होती.

तिसऱ्या रविवारी अवकाळी आली. शिवारात हळद शिजत होती, सगळ्या गावाला तिचा वास, आणि त्यातच आभाळ भरून आलं. पत्र्यावर ताडताड थेंब वाजायला लागले. शेड एका बाजूनं उघडी, म्हणून आम्ही दोघं गाडीत जाऊन बसलो. तो स्टेअरिंगवर, मी शेजारी, अण्णांच्या वेळी बसायची तिथंच. काचा धुरकटल्या. बाहेरचं काही दिसेना.

"सोमेश्वर," मी म्हणाले, "एक सांगू? ही गाडी मी अण्णांची म्हणून जिवापाड जपते, असं सगळ्यांना वाटतं. पण... बारावीच्या पेपरला हिंगोलीला जाताना ही वाटेत बंद पडली. अर्धा तास उशीर झाला मला. मी सगळ्या रस्त्यात अण्णांवर ओरडले, घाला एकदाची हिला भंगारात! अण्णा नुसते हसले. त्यानंतर मी हिच्यात कधी बसलेच न्हाई. ते गेल्यावर बसले."

पाऊस वाजत होता. तो बराच वेळ स्टेअरिंगवरचा डाग अंगठ्यानं पुसत राहिला.

"त्याच उन्हाळ्यात ते आमच्याकडं आले व्हते," तो म्हणाला. "मी दुकानात व्हतो. बाबांना म्हणाले, जळबा, माझी थोरली म्हणती भंगारात घाला. तिचं चुकत न्हाई. तिला लई पुढं जायचंय, तिच्या गळ्यात हे लोढणं काहून बांधू? पण धाकलीला भंगारात घालायला माझा हात होत न्हाई. माझ्यामागं तुझ्या पोराला दे... असं म्हणाले."

मला वाटलं होतं, अण्णांनी माझं हिसकावून दुसऱ्याला दिलं. आणि त्यांनी तर... माझ्यासाठीच दिलं होतं. मी रडले. हमसून हमसून रडले. सोमेश्वरला काय करावं सुचेना. खिशात रुमाल नव्हता, म्हणून त्यानं हात पुसायची चिंधी पुढं केली आणि लगेच मागं घेतली. "ग्रीस लागंल तुमाला..."

"लागू द्या," मी म्हणाले आणि ओढून घेतली.

त्या दिवशी त्यानं हात धरला नाही. पाऊस थांबेपर्यंत नुसता शेजारी बसून राहिला. आणि मला कळलं, की ह्या माणसावर माझा जीव जडलाय. पार जडलाय. पण हेही कळलं, की अण्णांचा शब्द हळदीच्या डब्यात लपवून ठेवायचा नसतो.

पुढच्या रविवारचं जनकाबाईंनी निक्षून सांगितलं होतं. काही झालं तरी औंढा. गाडी असो नसो. दुपारी त्या परस्पर तिथं पोचणार होत्या आणि नागनाथाच्या देवळापाशी लेकाची वाट बघणार होत्या.

सोमेश्वर आला तो पॉलिश केलेले बूट घालून. मी डब्यात हात घातला, रोटर काढला आणि त्याच्यापुढं तळहात उघडला. पिवळाधमक झाला होता.

"मीच काढला व्हता," मी म्हणाले. "अण्णांचा शब्द हाय. घ्या, लावा आन् न्या धाकलीला."

त्यानं रोटरकडं पाहिलं. मग आपल्या खिशात हात घातला आणि दुसरा रोटर काढला. नवा कोरा, कागदात गुंडाळलेला.

"हा चार हप्ते खिशात घेऊन फिरून राहिलो," तो म्हणाला. "लावला असता तर यायला निमित्त राहिलं नसतं."

"लबाड!"

"तुमी कोण मंग?"

दोघंही हसलो, आणि हसता हसता दोघांचंही हसू एकदमच विझलं. त्यानं माझ्या हातातला पिवळा रोटर उचलला. बोटावर आलेली हळद बघत राहिला.

"थोरले..." पहिल्यांदाच त्यानं असं म्हटलं. "हिला तर हळद लागली की."

"डब्यात व्हता म्हणून..."

"थोरली घरात असताना धाकलीला हळद लागत न्हाई. आमच्याकडं तरी न्हाई चालत. तुमच्याकडं चालतं का?"

मी मान हलवली. नाही.

"मंग मी धाकलीला कशी नेऊ? आधी थोरलीचं ठरू दे. ठरलं तर... आन् न्हाई ठरलं तर धाकली हितंच राहील. मी दर रविवारी येऊन तेलपाणी करीन. शब्दातून मी डॉक्टरांना मोकळं केलं." "त्या दिवशी जीपमधी बसतानाच मला म्हाईत व्हतं, धाकली मंजी गाडी. आईला सांगणार व्हतो. पण बाबा म्हणायचे, डॉक्टरांची थोरली लई तेज हाय. म्हणलं, एकदा बघून तर घ्यावी. बघितली, आन्... तुमी गाडीखाली व्हत्या. तिथंच मी संपलो बघा."

"आन् मी काय म्हणते ते विचारणार न्हाई?"

"भ्या वाटतं."

"तुमी मला आवडता," मी म्हणाले. असं काही मी जन्मात कुणाला म्हणेन, हे मला खरं वाटलं नसतं. "गाडीसाठी न्हाई. तुमी. ते नटाला तेल सोडून वाट बघणारे. आता तो रोटर बसवा आन् बाजूच्या सीटवर बसा. औंढ्याला मी चालवणार."

"तुमी? येतं का?"

"अण्णांची लेक हाय मी."

आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं की काय, विचारायची सोय नव्हती. तिनं फक्त गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पदरानं डोळे टिपले.

औंढ्यापर्यंत मी चारदा गिअर अडकवला आणि एकदा गाडी बंद पाडली. शेजारचा माणूस दर वेळी डोळे मिटून 'नागनाथा, नागनाथा' करत होता. मी म्हटलं, "विश्वास न्हाई का?" तो म्हणाला, "तुमच्यावर लई हाय, ब्रेक मी केलेत म्हणून भ्या वाटून राहिलं."

नागनाथाच्या देवळाबाहेर, पेढ्यांच्या दुकानापाशी जनकाबाई उभ्या होत्या. तेच जरीचं लुगडं, हातात तीच पिशवी. फियाट बघून त्यांचा चेहरा फुलला. मग स्टेअरिंगवर मला बघून पडला.

"ही काहून आली?"

सोमेश्वर उतरला. ट्रॅक्टर खोलून जोडणारा माणूस, पण आईपुढं त्याला एक वाक्य जोडता येईना. मीच उतरले. जनकाबाईंच्या पाया पडले.

"काकू, त्या दिवशी मी लई वंगाळ बोलले. माफी करा. पण औंढ्याच्या घरी जाऊ नका. त्यांच्या पोरीला उगं सजवून बसवायला नको."

"आन् पाहुण्यांना काय सांगू मी? वाट बघून राहिलेत ते!"

"सांगा, शब्द आधीच दिलेला हाय."

"अगं बाई, तो शब्द गाडीचा व्हता! तुझ्या बापानं दिलेला!"

"तो अण्णांनी दिला व्हता, काकू. मला न विचारता," मी म्हणाले. "हा मी देऊन राहिले. माझी मी. तुमच्या सोमेश्वरला."

देवळातली घंटा वाजत होती, पेढेवाला तराजू हातात धरून आमच्याकडं बघत होता. जनकाबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग लेकाकडं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. त्यांनी फोन काढला. लांब जाऊन बोलल्या. "माफी करा पाव्हणं... पोराचं आधीच ठरल्यालं हाय म्हणं. आमालाच उशिरा कळलं..."

परत आल्या. माझी हनुवटी धरून चेहरा वर केला.

"फटकळच हायेस," त्या म्हणाल्या. "राहा तशीच. आमच्या घरात कुणी बोलतच न्हाई. हा तर बापावर गेलाय."

आणि त्या दर्शनाच्या रांगेकडं चालू लागल्या. मागं न बघता म्हणाल्या, "या आता दोघं."

सोमेश्वरनं तिथंच, भर रस्त्यात माझा हात धरला. त्याच्या हाताला तेलाचा वास येत होता. मी हात सोडवून घेतला नाही.